पाते परदेशी, मूठ आपली

प्रतिकृती तलवार घ्यायला निघालेला माणूस बहुधा एकच गोष्ट विचारतो: हुबेहूब दिसते ना? स्कॉटिश तलवारींच्या प्रतिकृतींविषयी पुढच्या पानांत जे सांगितले आहे, ते या प्रश्नाच्या जागी दुसरे काही प्रश्न बसवण्यासाठी. ही वस्तू कशाची प्रत आहे? ती कुणी, कुठे, केव्हा घडवली? आणि हे सगळे तिच्यावर किंवा तिच्यासोबतच्या कागदावर लिहिलेले आहे का? याची उत्तरे मिळाली तर साधीशी प्रतिकृतीही घरात ठेवण्याजोगी ठरते. मिळाली नाहीत तर पाते कितीही चकाकले तरी ते शोभेचे लोखंड. जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकाला हे पटवायला फार लांब जावे लागू नये. ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतच्या क्लस्टरांच्या या वस्तीत सगळ्यांत उंच उभ्या असलेल्या अल्मास टॉवरमध्ये दुबई डायमंड एक्स्चेंज आहे. कच्चा हिरा किंबर्ली प्रक्रियेच्या प्रमाणपत्राशिवाय अधिकृतपणे देशाची सीमा ओलांडू शकत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तसा आहे असे सांगून विकला जातो, आणि तसे सांगितल्याने तो घालणाऱ्याला कमीपणा येत नाही. प्रतिकृती तलवारीचेही असेच आहे. ती प्रत आहे हे उघड असले की तिच्याकडून पुष्कळ शिकता येते. ते लपवले की फसवणूक सुरू होते, आणि पहिली फसगत मालकाचीच होते.

मराठी माणसाने स्कॉटिश तलवारीत लक्ष का घालावे, हे आधी सांगायला हवे. दुबईत स्कॉटलंड दूरचे नाही. एडिंबरोच्या हेरियट-वॉट विद्यापीठाची शाखा इथे २००५पासून आहे, आणि ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) पाहून तलवारीच्या प्रेमात पडलेले लोक जगात कुठेही भेटतात. पण महाराष्ट्राचा स्कॉटलंडशी असलेला संबंध चित्रपटापेक्षा कितीतरी जुना आहे. पेशवाई बुडाल्यानंतरची मुंबई-पुण्याची घडी बसवणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश, त्यांच्यानंतर गव्हर्नर झालेले जॉन माल्कम स्कॉटिश, विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने चालते ते जॉन विल्सनही स्कॉटिश. माहीमचे बॉम्बे स्कॉटिश १८४७ सालापासूनचे. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास १८२६ साली प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ हाही स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. साताऱ्याला कंपनीचा प्रतिनिधी असताना त्याच्याकडे आलेली वाघनखे त्याच्या वंशजांनी १९७१ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाला दिली, आणि तीच २०२४च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या करारावर साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. मराठी शस्त्रांच्या इतिहासात स्कॉटिश माणसे अशी जागोजागी भेटतात. हा संबंध नुसत्या माणसांपुरता असता, तर तलवारींवर स्वतंत्र लिहिण्याची गरज नव्हती. तो पात्यांपर्यंत जातो.

स्कॉटिश तलवार म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली दोन्ही हातांनी चालवायची लांब तलवार. तिच्या मुठीजवळच्या आडव्या पट्टीचे दोन्ही हात पात्याकडे उतरते असतात आणि त्यांच्या टोकांना चार कड्यांची फुले असतात. ही साधारण १५व्या ते १७व्या शतकातली. दुसरी एकहाती, रुंद आणि सरळ पात्याची. तिच्यात पंजाभोवती लोखंडी पट्ट्यांचा पिंजरा असतो, पट्ट्यांमधल्या पत्र्यांना बदामाच्या आणि गोल आकाराची भोके पाडलेली असतात, आतून चामड्याचे किंवा लाल कापडाचे अस्तर असते. हायलंडच्या डोंगराळ मुलुखाचे नाव या दुसऱ्या तलवारीशी कायमचे जोडले गेले. तिच्या मुठी स्टर्लिंग आणि ग्लासगो इथल्या कारागिरांनी घडवल्या. स्टर्लिंगच्या वॉल्टर ॲलनच्या मुठी आजही संग्राहकांच्या लेखी सर्वोत्तम समजल्या जातात. पाती मात्र बहुतेक बाहेरून येत, मुख्यतः जर्मनीतल्या झोलिंगनहून. त्यांतल्या असंख्य पात्यांवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव कोरलेले आढळते. हा १६व्या शतकातला उत्तर इटलीचा नामांकित पातेगर. पण त्याच्या मृत्यूनंतरही झोलिंगनच्या कारखान्यांतून त्याचे नाव पात्यांवर उमटतच राहिले, कारण स्कॉटलंडच्या गिऱ्हाइकाला तेच हवे असे. म्हणजे संग्रहालयात काचेआड ठेवलेल्या, निर्विवाद अस्सल स्कॉटिश तलवारीचे पाते जर्मन असते आणि त्यावरचे नाव एका इटालियन माणसाचे, ज्याने ते पाते कधी पाहिलेही नव्हते.

आता दख्खनकडे या. मराठ्यांची धोप ही सरळ, लांब पात्याची तलवार, आणि तिच्या उत्तम नमुन्यांतली पाती कोकणच्या नि गोव्याच्या बंदरांतून उतरलेली युरोपीय पाती आहेत. ती हातात आल्यावर इथल्या कारागिराने त्यांना आपली मूठ बसवली: बोटांवरून वळणारी रुंद परज, मागे निघालेला लोखंडी गज, आणि परक्या पात्याला आधार म्हणून दोन्ही अंगांनी खाली उतरणाऱ्या, रिव्हेट मारलेल्या पट्ट्या. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या सदबीजच्या लिलावातून नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार ४७.१५ लाख रुपये खर्चून परत आणली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे वर्णन तपशिलाने छापले. पाते युरोपीय, सरळ, एकधारी; मुठीवर सोन्याचे कोफ्तगारी काम; पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. १८७५-७६च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या महाराजांकडून भेट मिळालेली, शिवछत्रपतींची म्हणून ओळखली जाणारी जगदंबा आज ब्रिटिश राजसंग्रहात आहे. तिच्या जुन्या सूचीतही पाते युरोपीय असल्याची आणि त्यावर ख्रिस्ती आय-एच-एस ही अक्षरे उमटवलेली असल्याची नोंद आहे. मुठीवर मात्र सोन्याची फुले आणि हिरे-माणके. युरोपीय पात्यांवरच्या विळ्याच्या आकाराच्या खुणा इतक्या मान्यता पावल्या होत्या, की हिंदुस्थानातले कारागीर त्या स्वतःच्या पात्यांवरही उठवू लागले. हायलंडचा सरदार आणि दख्खनचा सरदार, दोघांनाही परदेशी पाते हवे असे, दोघेही ते आपल्या मुलुखातल्या मुठीत बसवून घेत, आणि दोघांच्याही पात्यांवरच्या नाममुद्रेवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

या साम्यातून या पुस्तिकेचे मुख्य म्हणणे निघते. तलवारीची जात तिच्या लोखंडाच्या गावावरून ठरत नाही, मूठ आणि वापर यांवरून ठरते. आज देहरादूनमध्ये घडलेली स्कॉटिश तलवारीची प्रतिकृती केवळ तिथे घडली म्हणून खोटी ठरवायची, तर झोलिंगनचे पाते लावलेली अठराव्या शतकातली तलवारही स्कॉटिश म्हणता येणार नाही, आणि जगदंबाही आपली म्हणता येणार नाही. शुद्धतेची ही मोजपट्टी अस्सल वस्तूंनाच लागू पडत नाही. ती प्रतीला लावून काय उपयोग? प्रतीला लावायची मोजपट्टी सचोटीची. मूळ वस्तूच्या बांधणीतले काय तिने नेमके घेतले, काय सोडले, आणि हे ती सांगते की दडवते, एवढेच पाहायचे. सचोटीचा आग्रह नुसत्या प्रतींपुरता नाही. स्टर्लिंगजवळच्या वॉलेस स्मारकात ठेवलेली सुमारे १६३ सेंटिमीटर लांबीची प्रचंड तलवार ‘ब्रेव्हहार्ट’चा नायक विल्यम वॉलेस याची म्हणून लाखो लोक पाहतात. पण वॉलेसला १३०५ साली मारले गेले, आणि त्या तलवारीचे आजचे रूप त्यानंतर फार उशिराचे, पातेही तुकडे जोडून झालेले असावे, असे जाणकार मानतात. वाघनखांच्या बाबतीतही, ती अफझलखानाच्या भेटीत वापरलेलीच होती हे पडताळून पाहता येत नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतः नमूद केले आहे. अशी कबुली दिल्याने त्या वस्तूंची किंमत घटली नाही. साताऱ्यात लोक रांगा लावून गेले, कारण वस्तूपेक्षा स्मृती मोठी आहे हे लोकांना कळते. मग प्रतिकृतीच्या मालकाला आपल्या भिंतीवरच्या तलवारीखाली ‘प्रत’ हा एक शब्द लिहिताना संकोच का वाटावा?

प्रतिकृतींना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो स्कॉटलंडमध्ये फार बोलका आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पाडाव झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने हायलंडरांची शस्त्रे काढून घेण्यात आली, पोशाखावरही बंदी आली. रणांगणावरून गोळा केलेली पाती मुठी काढून एका इंग्लिश वाड्याच्या कुंपणाला लावली गेली. मूठ गेली की तलवारीची ओळख कशी पुसली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. पोशाखावरची बंदी १७८२ साली उठली, आणि अवघ्या ४० वर्षांत, १८२२ साली, राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या देखरेखीखाली शहरभर टार्टनच्या चौकड्यांचा आणि तलवारींचा थाट मांडला गेला. ज्या पोशाखासाठी आजोबाला कैद झाली असती, तोच घालून नातू राजाच्या स्वागताला उभा होता. पुढे १८२८पासून हायलंड रेजिमेंटांच्या अधिकाऱ्यांसाठी पिंजऱ्याच्या मुठीची तलवार ठरलेल्या नमुन्याने बनू लागली. ती आजही संचलनात दिसते. हे सगळे दिखाऊ होते असे म्हणणारे इतिहासकार आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तरी मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. हिरावून घेतलेली वस्तू लोकांनी प्रतीच्या रूपाने पुन्हा जवळ केली, आणि त्या ओढीमुळेच जुन्या मुठींचा अभ्यास, नोंदी, संग्रह सुरू झाले. आज वॉल्टर ॲलनचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते या संग्राहकांमुळे.

आजच्या प्रतिकृती कुठे बनतात, हे कळल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. स्पेनमधल्या तोलेदोचे नाव चित्रपटांच्या तलवारींसाठी घेतले जाते, चीनमधल्या दालियानचा मालही बाजारात पुष्कळ आहे. पण जगभर विकल्या जाणाऱ्या स्कॉटिश प्रतिकृतींचा मोठा वाटा देहरादूनचा आहे. तिथली विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली आणि पुढे संग्रहालयीन तलवारींच्या प्रतींसाठी ओळखली जाऊ लागली. अमेरिकेत म्युझियम रेप्लिकाज या नावाने विकल्या जाणाऱ्या तलवारीही तिच्याच. तेव्हा दुबईतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणी ‘स्कॉटलंडची तलवार’ म्हणून दाखवली, तर ती भारतातून निघून तिसऱ्याच देशातून फिरून आलेली असण्याची शक्यता बरीच. यात दडवण्यासारखे काय आहे? पूर्वी झोलिंगनचे पाते स्टर्लिंगच्या मुठीत बसत होते. आता पाते आणि मूठ दोन्ही उत्तराखंडात बनतात. देहरादूनचा शिक्का पुसून त्या जागी केल्टिक नक्षी छापणारा विक्रेता मला आंद्रेआ फेराराचे नाव वापरणाऱ्या झोलिंगनकरांचा वारस वाटतो. शिक्का तसाच ठेवून विकणाऱ्याकडून घ्यावे.

खरेदीच्या वेळी काय पाहायचे, हा भाग पुढे सविस्तर येतो, पण त्याचे मर्म इथेच सांगावेसे वाटते. पहिली गोष्ट वजन. अठराव्या शतकातल्या पिंजऱ्याच्या मुठीच्या अस्सल तलवारी साधारण १.१ ते १.४ किलोच्या आसपास असतात. सुमारे मीटरभर लांबीच्या शस्त्राला हे फार नाही. स्वस्त प्रतिकृती पावणेदोन-दोन किलोंवर जाते, आणि ती हातात घेतल्यावर पूर्वीचे योद्धे अवाढव्य ताकदीचे असणार, असा समज होतो. तो चुकीचा आहे. जड आहे ती प्रत. वजन वाढते कारण पाते एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेले असते. अस्सल पाते मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर जाड असेल, तर टोकाकडे जाताना निम्म्याहून पातळ होते. शिवाय त्यावरच्या पन्हळी वजन कमी करतात. पाते समोरून पाहू नका, पाठीवरून डोळ्यासमोर धरून पाहा: जाडी हळूहळू उतरत गेली आहे की टोकापर्यंत तशीच आहे, हे लगेच कळते. दुसरी गोष्ट मुठीच्या आतली, म्हणून न दिसणारी. युरोपीय पद्धतीत पात्याचे शेपूट मुठीतून आरपार जाते आणि मागच्या लोखंडी गोळ्यावर त्याचे टोक ठोकून चपटे केलेले असते. भारतीय मुठीत ते आखूड असते आणि लाख-राळेच्या मिश्रणाने आत घट्ट बसवलेले असते. या दोन वेगवेगळ्या परंपरा, दोन्ही आपापल्या जागी पक्क्या. शोभेच्या तलवारीत मात्र रुंद शेपटाऐवजी वेल्डिंगने जोडलेली बारीक सळई असते, मागे एक नट, आणि पाते स्टेनलेस स्टीलचे. अशी तलवार जोरात फिरवली तर पाते मुठीतून निखळून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. ती भिंतीवर ठेवायला हरकत नाही. पोरांच्या हातात, नाचात किंवा मिरवणुकीत मुळीच देऊ नये. विक्रेत्याला शेपूट किती रुंद, कसे बसवले, पोलाद कुठल्या प्रकारचे, हे विचारावे. नीट उत्तर देणारा विक्रेता माल जाणतो. तिसरी गोष्ट पिंजरा. तो पंजाला बेताचा हवा. आत मूठ आवळून धरली की बोटांची पेरे अस्तराला जेमतेम टेकावीत. हात आत सैल हलत असेल, तर पिंजरा चित्रावरून बनवला आहे, वस्तूवरून नव्हे. बदामी भोकांच्या कडा घासलेल्या आहेत की पत्रा कापून तशाच सोडल्या आहेत, आतल्या लाकडावर खरे मासळीचे खरखरीत कातडे आहे की छापील रेक्झिन, तार पिळून गुंडाळली आहे की चिकटवली आहे, हे पाहिले की कारागिराने कुठे कष्ट घेतले आणि कुठे हात आखडता घेतला ते समजते.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की भिंतीवर तलवार टांगणे हा उसना पराक्रम आहे. ज्यांनी ती चालवली त्यांचे धैर्य पैसे मोजून घरी आणता येत नाही. आक्षेप खरा आहे, आणि प्रतिकृतींचा बराचसा बाजार नेमका त्याच भुकेवर चालतो. पण घरात तलवार असणे आणि तिच्या जोरावर मिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनाने, बांधणीने खरी असलेली प्रत हातात घेतली की बखरींतली आणि चित्रांतली कितीतरी वर्णने नव्याने कळतात: घोड्यावरून वार करणाऱ्याला सरळ लांब पाते का हवे, पिंजऱ्यातला हात मनगटातून किती कमी वळतो, त्यासाठी ढालीचा डावा हात कसा लागतो. संग्रहालयात काच मध्ये असते, आणि ती असायलाच हवी. काचेने जे अडवले जाते, तेवढे प्रतीने द्यावे. एवढ्यासाठी घेतलेली तलवार उसनी राहत नाही; ती अभ्यासाचे साधन होते. आणि पैसे पुस्तकांवर खर्च करावेत असे कुणी म्हणेल, तर पुस्तकांवर आधी, तलवारीवर नंतर, हे मला पूर्ण मान्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांविरुद्ध कंपनीचा सेनापती वेल्स्ली याच्या बाजूने ७४वी आणि ७८वी या हायलंडर पलटणी लढल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या तटावर चढणाऱ्यांत ७८वीही होती. मराठेशाहीचा पाया ज्यांनी खणला, त्यांचे हत्यार मराठी घरात का असावे? त्या लढाईत समोरच्या बाजूला असलेले दुसरे रघुजी भोसले हे पहिल्या रघुजींचे नातू, हे लक्षात घेतले की प्रश्नाची धार आणखी वाढते. माझे उत्तर असे, की असई विसरायची नसेल तर दोन्ही बाजूंची हत्यारे ओळखता यायला हवीत. त्या दिवशी ७४व्या पलटणीचे बहुतेक सगळे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. मराठ्यांच्या तोफांनी आणि घोडदळाने त्यांची काय दशा केली, हे इंग्रजी वृत्तान्तच सांगतात. ज्यांना शत्रू म्हणून मोजायचे त्यांची शस्त्रे नजरेआड करून आपला पराभव समजत नाही आणि आपली झुंजही समजत नाही. शिवाय त्या हायलंडरांच्या आजोबांची शस्त्रे लंडनच्याच सरकारने ५७ वर्षांपूर्वी काढून घेतली होती. जिंकलेल्या डोंगरी लोकांची पोरे साम्राज्याने आपल्या दख्खनवर धाडली. ती तलवार पाहताना हेही आठवायला हवे.

काही जण विचारतील, मग थेट धोपेचीच प्रत का घेऊ नये? जरूर घ्यावी. दोन्ही शेजारी ठेवता आल्या तर याहून चांगला धडा नाही. एका पात्यावर मागून ठोकलेले शेपूट आणि दुसऱ्यावर रिव्हेटच्या आधारपट्ट्या, हा फरक दोन मिनिटांत शाळकरी मुलालाही दिसतो.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आणि कायद्याचा, आणि इथे सैलपणाला अजिबात जागा नाही. संयुक्त अरब अमिरातीत शस्त्रे, दारूगोळा, स्फोटके यांवर २०१९च्या १७ क्रमांकाच्या संघीय हुकूम-कायद्याने कडक नियंत्रण आहे. जुमेरा लेक टॉवर्स हा डीएमसीसीच्या मुक्त व्यापार क्षेत्राचा भाग असल्याने इथे काहीही मागवता येते, असा काहींचा समज असतो. तो धोक्याचा आहे. मुक्त क्षेत्रातल्या सवलती धंद्यासाठी असतात. देशाचे फौजदारी आणि सुरक्षेचे कायदे इथेही तसेच लागू आहेत. परदेशातून तलवार मागवण्याआधी दुबई कस्टम्स आणि पोलिसांकडून परवानगी लागते का हे लेखी विचारून घ्यावे, आणि पाते बोथट असल्याचे विक्रेत्याच्या बिलावर लिहवून घ्यावे. विमानात ती हातातल्या सामानातून नेता येत नाही. सुट्टीत ती गावी नेण्याचा बेत असेल तर आणखी काळजी हवी. भारतात १९५९चा शस्त्र अधिनियम आणि २०१६चे शस्त्र नियम यांत तलवारींचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या, घरकामासाठी वा शेतीसाठी नसलेल्या हत्यारांचाही. धार नाही म्हणजे ती तलवार नाही, असे स्वतःच ठरवू नये; जिल्हा प्रशासनाला विचारावे. महाराष्ट्रात कुरियरने आलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या आपण वाचतोच. खुद्द स्कॉटलंडमध्ये तलवारी विकणाऱ्याला स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. ज्या देशाची ही ओळख आहे तोच इतका सावध असेल, तर आपणही असावे. कायदा पाळून, कागद जपून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर पक्क्या खिळ्यांवर ठेवलेली प्रत धोकादायक नसते. भांडणाच्या, मिरवणुकीच्या, वाढदिवसाच्या केकच्या कामी ती येता कामा नये. त्या क्षणी ती पुन्हा हत्यार होते.

शेवटी निगा. दुबईची हवा समुद्रकाठची, उन्हाळ्यात तर दमटपणा कमालीचा. वातानुकूलित खोलीतून थंड झालेले पाते बाल्कनीत नेले तर त्यावर क्षणात पाण्याचे थेंब धरतात. कार्बन पोलादाला गंज चढायला मग फार दिवस लागत नाहीत. पाते उघड्या बोटांनी धरू नये, घामातले मीठ त्यावर ठसे उमटवते. मऊ कापडाने पुसून खनिज तेलाचा पातळ थर द्यावा. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे ठेवू नये, चामडे ओलावा धरून ठेवते. म्यान शेजारी वेगळे ठेवावे. पिंजऱ्याच्या अस्तराखाली गंज सगळ्यात आधी सुरू होतो आणि सगळ्यात शेवटी दिसतो, म्हणून तिथे कापसाच्या बोळ्याने तेल पोचवावे. यासाठी वेगळा दिवस शोधायची गरज नाही. आपल्याकडे खंडेनवमी आहे. आश्विन शुद्ध नवमीला हत्यारे-अवजारे स्वच्छ करून पुजायची रीत आहे, आणि दुबईतल्या घरातही त्या दिवशी लॅपटॉपला हळद-कुंकू लागते. स्कॉटिश तलवारीची प्रत त्या पाटावर ठेवायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र तिची सफाई त्या दिवशी व्हावी: मूठ हलवून सैल झाली का पाहावे, मागचे ठोकलेले टोक तपासावे, तेल बदलावे. आणि तिच्यासोबत एक वही असावी. पहिल्या पानावर घडवणाऱ्याचे नाव, गाव, वर्ष, वजन, लांबी, कुठल्या मूळ तलवारीवरून ती केली ते, बिलाची आणि परवानगीच्या कागदांची प्रत. पुढच्या पानांवर दर वर्षीची नोंद: काय दुरुस्त केले, काय बदलले, आणि ती पुढे कुणाकडे गेली.